घडीची सायकल, लोकल आणि एक रात्र टेंटमध्ये

थंडी पडायला लागली की ह्या सदरात टेंटचे प्रश्न येतातच, पण यंदा बऱ्याच जणांना टेंटसोबत सायकल पण न्यायचीय, ती पण फोल्डिंग, आणि घरची गाडी अजिबात न काढता. छानच आहे. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत, पत्र कुठून आलं तेवढं दिलंय.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको चाळिशीतले. दोघांकडे २० इंची चाकाच्या फोल्डिंग सायकली आहेत, सात गिअरवाल्या, आत्तापर्यंत फक्त सोसायटी ते भाजी मंडई एवढ्याच चालल्यात. शनिवारी निघून रविवारी परत, एक रात्र टेंटमध्ये, असं करायचंय. मित्र म्हणतो घरातून सरळ सायकल मारत पानशेतला जा, काय चाळीसेक किलोमीटर तर आहे. बायको म्हणते लोकलने जाऊ. कोणाचं ऐकू? — कोथरूड

बायकोचं. आणि हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाहीये.

पानशेतचा रस्ता वाईट नाही हो, पण शनिवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत अख्खं पुणं तुमच्या सोबत असतं, कणीस खायला निघालेलं, आणि २० इंची चाकावर दहा किलो सामान लादून त्या ट्रॅफिकमधून, खड्डे चुकवत, मागून हॉर्न खात जायचं म्हणजे पोचेपर्यंत तुमचा कॅम्पिंगचा मूडच संपलेला असणार. फोल्डिंग सायकल अंतर कापायला घेतलेली नसते. अंतर ट्रेनने कापायचं, शहर आणि हायवे ट्रेनच्या खिडकीतून बघायचा, आणि स्टेशनच्या पुढचे जे दहा-पंधरा किलोमीटर असतात, जिथे एरवी वडापची जीप भरेपर्यंत बसून राहावं लागतं किंवा रिक्षावाला म्हणेल तो आकडा द्यावा लागतो, तेवढ्यासाठी सायकल. म्हणून आधी नकाशावर धरण किंवा किल्ला शोधू नका, आधी स्टेशनं बघा आणि मग त्या स्टेशनच्या आसपास काय आहे ते बघा.

पुणे-लोणावळा लाईनवर बघा किती सोय आहे. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, प्रत्येक स्टेशनमागे एक खोरं आहे. मळवलीला उतरलं की भाजे लेणी जवळ, पण तिथून लोहगडवाडीकडे जाणारा चढ लोड केलेल्या फोल्डिंगवर म्हणजे सायकल ढकलणंच आहे, शिवाय लोहगड पुरातत्त्व खात्याचा संरक्षित किल्ला, २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक, तिथे वर रात्रीचं राहायचं मनात पण आणू नका. कामशेतहून पवनानगरचा रस्ता प्रसिद्ध आहे, वाटेत बेडसे लेणी लागतात, ती जरूर बघा, गर्दी कार्ल्याच्या मानाने काहीच नसते. पण पवनेच्या काठावरचे ते रेडीमेड कॅम्प शनिवारी रात्री कसे असतात ते एकदा आठवा, रांगेने तंबू, बार्बेक्यू, लेझर लाइट, आणि शेजारच्या कॅम्पचा डीजे तुमच्या कॅम्पच्या डीजेशी भांडतोय. कुणाला आवडतं त्यांनी जावं. तुम्हाला झोपायचं असेल तर नको.

तुमच्यासाठी मी नाणे मावळ सांगेन. कामशेतला उतरायचं, बाजारात चहा-वडापाव, दुसऱ्या दिवशीसाठी केळी-बिस्किटं, आणि नाणे रोड धरायचा. इंद्रायणीचा पूल ओलांडला की हायवेचा आवाज मागे पडतो. पुढे नाणे, गोवित्री, उकसान ह्या बाजूला रस्ता खोऱ्यातून जातो, थोडे उतार-चढ आहेत पण घाट नाही, दोन्ही बाजूला डोंगर आणि मधे भातखाचरं. इंद्रायणी तांदूळ माहितीच असेल, तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढलेला वाण, १९८७ सालचा, तो ह्याच पट्ट्यात पिकतो. ह्या भातशेतीशी तुमच्या टेंटचा थेट संबंध आहे, कारण मावळात सपाट जागा म्हणजे खाचरच, बाकी सगळं उतार किंवा कातळ. जून ते ऑक्टोबर त्यात पाणी नाहीतर पीक उभं असतं. नोव्हेंबरात कापणी-झोडणी झाली की खाचर मोकळं होतं, पण लगेच कुणी हरभरा किंवा मसूर टाकतं, तो उगवलेला बारीक असतो, अंधारात दिसत नाही, आणि शहरातले लोक नेमका त्यावरच तंबू ठोकतात. म्हणून उजेडात पोचायचं, ज्याचं शेत आहे त्याला शोधायचं, "काका, एक रात्र तंबू टाकला तर चालेल का, सकाळी निघू" एवढं विचारायचं. बहुतेक वेळा ते शेतात टाकूच देत नाहीत, म्हणतात घरासमोर खळ्यात टाका, सारवलेलं आहे, पाणी आहे, कुत्रं आहे राखणीला. ते ऐका. खळं ही मावळातली सगळ्यात भारी कॅम्पसाइट आहे.

जेवण त्यांच्याकडेच सांगा आणि पैसे नीट ठरवून द्या, "असू दे हो" म्हणाले तरी द्या, पोराच्या हातात नाही, घरातल्या बाईच्या हातात.

आता जायचं कसं. वनाझहून मेट्रोची ती लाईन थेट पुणे रेल्वे स्टेशनच्या मेट्रो स्टेशनला जाते, मधे गाडी बदलायची गरज नाही, सायकल घडी करून न्या. पण मेट्रो सकाळी सहाच्या आधी नसते आणि तुम्हाला लवकरची लोकल हवी, म्हणून माझं मत विचाराल तर पहाटे कर्वे रोड रिकामा असतो तेव्हा सायकल चालवतच शिवाजीनगर रेल्वे स्टेशन गाठा. तेवढंच सामानासकट चालवून बघणं पण होतं, काही सैल असेल, खडखडत असेल तर डेक्कनलाच कळतं, कामशेतच्या पुढे जाऊन कळण्यापेक्षा बरं. परतीचं आत्ताच ठरवा. दुपारच्या वेळात लोकल विरळ असतात, आणि रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून येणारी गाडी तिथेच भरलेली असते, कामशेतला घडी केलेल्या दोन सायकली घेऊन दारात शिरणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. सकाळचा चहा-नाश्ता करून निघा आणि दुपारच्या आत घरी या. रविवारी कधीकधी ब्लॉक असतो, शनिवारी रात्रीच बघून ठेवा.

प्रश्न : ट्रेनमध्ये टीसीने अडवलं तर? कुणी म्हणतं फोल्डिंग फ्री आहे, कुणी म्हणतं लगेज तिकीट लागतं. — पिंपरी

साधी सायकल, म्हणजे न घडी होणारी, ती लगेजमध्ये बुक करून ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, न्यायची असते, तिला फुकट सामानाची सवलत पण नाही. फोल्डिंग घडी करून पिशवीत घातली की ती दिसायला बॅग होते आणि वागवली पण तशीच जाते. मेल-एक्स्प्रेसच्या सेकंड क्लासला ३५ किलो सामान फुकट, स्लीपरला ४०, वजनात तुम्ही त्यात अडकत नाही, फोल्डिंग बारा ते पंधरा किलोची असते. अडकलात तर मापात अडकाल. डब्यात न्यायच्या पेटी-सुटकेसचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर असं दिलेलं आहे आणि २० इंची सायकलची घडी लांबीला त्यात बसते पण जाडीला बसत नाही, ३५-४० सेंटिमीटर सहज होते. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर टीसीच्या हातात आहे. म्हणून हक्काची भाषा न करता सोय बघायची. चेन आणि पेडल झाकलेली हवीत, कुणाच्या पँटला ग्रीस लागलं की पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. दारात ठेवायची नाही, गाडीच्या टोकाच्या डब्यात चढायचं, सीटच्या मागच्या फटीत किंवा दोन बाकांच्या मधे उभी करायची आणि हँडलला एक पट्टा लावून बाकाच्या पायाला बांधायची, नाहीतर ब्रेक लागला की ती चालायला लागते.

पिशवी विकत घेऊ नका, महाग असतात. बोहरी आळीतून पातळ ताडपत्री किंवा छत्रीचं कापड घ्या, शिंप्याकडून खालून उघडी अशी खोळ शिवून घ्या, वरून घालायची आणि खाली नाडी ओढायची. चाकं मोकळी राहिली तर प्लॅटफॉर्मवर ढकलता पण येते. हीच खोळ रात्री टेंटच्या बाहेर सायकलवर टाकायची, मावळात नोव्हेंबर-डिसेंबरला दहिवर एवढं पडतं की सकाळी सीट पिळून घ्यावी लागेल.

प्रश्न : एसटीने जमेल का? आम्हाला भोर किंवा वाईकडे जायचंय. — धनकवडी

जमतं, पण ट्रेनपेक्षा कटकट जास्त. डिकी असलेली बस असेल तर आडवी टाकता येते, खाली चादर घाला आणि डिरेल्युअरची, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाची, बाजू वर ठेवा. लगेजचं तिकीट कंडक्टर मागेल, न वाद घालता काढा. स्वारगेटला बस लागली की आधी कंडक्टरला गाठून विचारायचं, मग चढायचं. सीट पकडून मग सायकल दाखवलीत तर कुणाचाही पारा चढेल. शनिवारी सकाळी स्वारगेटला जी झुंबड असते त्यात दोघं असाल तरच जा, एक सायकलपाशी, एक रांगेत. वाईला उतरलात तर मेणवलीचा नदीकाठचा घाट आणि धोम धरण दोन्ही सायकलच्या आवाक्यात आहेत, रस्ता सरळ आहे. भोरकडे भाटघरचं पाणी आहे पण धरणाची हद्द जलसंपदा खात्याची, तिथे परस्पर तंबू नको, गावात विचारा.

आणि पाणी कुठलंही असो, धरणात उतरू नका. काठाला गाळ असतो, पाऊल टाकलं की गुडघा आत. दर सीझनला पवनेच्या पाण्यात बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या कितीतरी पोहता येणाऱ्यांच्या असतात.

प्रश्न : दादा, आम्ही चार मित्र, हॉस्टेलवर राहतो. ऑनलाइन छोटा गॅस स्टोव्ह आणि कॅनिस्टर मागवलाय. मॅगी, कॉफी, अंडी असा बेत आहे. ट्रेनमध्ये बॅगेत टाकला तर कळणार आहे का कोणाला? — कर्वेनगर

कळो न कळो, नेऊ नका. गॅसचं कॅनिस्टर, रॉकेल, स्पिरिट, पेट्रोल ह्यातलं काहीही प्रवासी गाडीत चालत नाही, रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये वाचून हसू नका, कैदेचा भाग वाचा. मेट्रोत तर दारातच स्कॅनरवर सापडेल. आणि कायदा बाजूला ठेवा, शनिवारची भरलेली लोकल, कुणीतरी बिडी पेटवलेली, बॅगेत गळका व्हॉल्व्ह, हा विषयच नको.

मग खायचं काय, तर आपल्याकडे न शिजवता खायचं एवढं आहे की स्टोव्हची आठवण फक्त चहाला येते. दशम्या दोन दिवस टिकतात, दुधात भिजवलेल्या. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा, गूळ-तूप, उकडलेली अंडी पहिल्या रात्रीपुरती. भडंग सोबत ठेवा. हॉस्टेलवर दशम्या कोण करणार असं म्हणाल तर पोळीभाजी केंद्रातून पोळ्या घ्या आणि चटणीचं पाकीट. चहा थर्मासमध्ये न्या, रात्रीपर्यंत कोमट राहतो. सकाळचा चहा गावातल्या घरी मागा, मिळतो. मॅगी खायचीच असेल तर कामशेतच्या टपरीवर खा, तिथे ती तुमच्यापेक्षा चांगली करतात.

शेकोटी शेतकऱ्याला विचारून, त्याने सांगितलेल्या जागी, त्याच्याच लाकडांवर. जंगलाच्या कडेला नाहीच. डिसेंबरनंतर डोंगरावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं, एक ठिणगी आणि अख्खी सोंड वणव्यात जाते. झोपताना पाणी ओतून राख हाताने चाचपून बघायची, गरम लागली तर अजून पाणी.

प्रश्न : माझी सात स्पीड फोल्डिंग आहे, पुढे ५२ दाती, मागे १४ ते २८. सामान लावून चढावर अजिबात जात नाही, गुडघे दुखतात. सायकल बदलावी का? आणि सामान नक्की लावायचं कुठे? — चिंचवड

बदलू नका. साधा हिशोब सांगतो. पुढचे दात भागिले मागचे दात गुणिले चाकाचे इंच. तुमचं सगळ्यात हलकं गिअर ५२ भागिले २८ गुणिले २० म्हणजे ३७ येतं. हा आकडा जितका कमी तितकं चढाला सोपं, आणि सामान असेल तर तिशीच्या आसपास यायला हवा. मागे १४-३४ चा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, टाकलात तर तो ३१ होतो, एका बदलात केवढा फरक बघा. किंवा पुढे पेडलपाशी ४४ दाती चकती (चेनरिंग) टाका, तरी तेवढाच येतो. दोन्ही केलंत तर २६ आणि मग मावळातला कुठलाही चढ बसून चढाल, हळू पण चढाल. सपाटीला पेडल थोडं रिकामं फिरेल, फिरू दे. मेकॅनिकला डिरेल्युअर ३४ दाती घेतो का तेवढं आधी बघायला सांगा, जुना छोटा असेल तर तो पण बदलावा लागतो. चेन पण मोजून घ्यायला सांगा.

सामान. पहिली गोष्ट, पाठीवर सॅक घेऊन चालवायचं नाही. फोल्डिंगवर तुम्ही सरळ बसता, सगळं वजन सीटवर, त्यात सॅकचं दहा किलो म्हणजे दोन तासात बसायची सोय संपते. दुसरी, मागच्या कॅरिअरला साइडच्या मोठ्या बॅगा लावल्या की टाच आपटते, कारण फोल्डिंगचा मागचा भाग आखूड असतो. त्यामुळे कॅरिअरवर आडवी बॅग, रबरी बंजी दोरीने नाही तर पट्ट्याने आवळून. दोरी सैल पडून चाकात गेली की चाक जागच्या जागी लॉक, मग काय होतं ते वेगळं सांगायला नको. तिसरी, हँडलला काहीही जड अडकवू नका. फोल्डिंगचा हँडलपोस्ट लांब असतो, आधीच थोडा लवतो, त्यावर पाण्याच्या बाटल्या, टेंट, चपला असं बारदान लटकवलं की उतारावर सायकल थरथरायला लागते. पुढे लावायचंच असेल तर फ्रेमच्या डोक्याला बसणारा ब्लॉक मिळतो, बॅग त्यावर बसते आणि हँडलसोबत वळत नाही, ते उत्तम.

वजन मोजून बघा, खरंच, घरच्या भाजीच्या काट्यावर. टेंट अडीच किलो, स्लीपिंग बॅग किंवा सोलापुरी चादर आणि स्वेटर मिळून दीड-दोन, मॅट अर्धा, कपडे एक, खाणं एक, पाणी दोन-तीन, पंप-पाने-ट्यूब एक. दहाच्या आसपास येतं. ह्यापुढे जे जे येईल ते घरी ठेवा. बहुतेक फोल्डिंगची एकूण मर्यादा, म्हणजे तुम्ही अधिक सामान, १०० ते ११० किलो असते, फ्रेमवर किंवा पुस्तिकेत लिहिलेली असते. आमच्यासारख्या नव्वद किलोच्या मंडळींनी तर आधी तीच बघावी.

आणि निघायच्या आदल्या दिवशी बिजागरी बघा. पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि सायकल पुढे-मागे हलवायची, फ्रेमच्या बिजागरीवर बोट ठेवायचं. टकटक जाणवलं तर लॅच आवळायचा. बोटाला जाणवत नसेल पण हँडलच्या बिजागरीत होत असेल तर तिथे. हे पाच मिनिटांचं काम न करता घाट उतरायला जाऊ नका.

प्रश्न : मी एकटी जाण्याचा विचार करतेय. घरचे अर्थातच नाही म्हणतायत. वय ३१. — औंध

ताई, घरच्यांची समजूत मी काढू शकत नाही, पण त्यांना सांगता येईल असा प्लॅन खाली आहे, तसा करा (तो आमच्या सदरातल्या मैत्रिणीने लिहिलाय, ती जाते, मी उगाच शहाणपणा करणार नाही) :

पहिल्या वेळी मोकळ्या रानात नको, घराच्या अंगणात टेंट. जाण्याआधीच गावातलं एक घर फोनवर ठरवून ठेवायचं, ओळखीच्या ओळखीतून, आणि बोलणं घरातल्या बाईशी करायचं. लोकलच्या लेडीज डब्यात घडी केलेली सायकल नेता येते, मी नेते, बायका जागा करून देतात आणि वर चौकशी पण करतात, "एकटीच?" पासून "कितीला पडली?" पर्यंत. चारच्या आत मुक्कामी. गावात पोचल्यावर पोलीस पाटलांना एकदा भेटून यायचं, दोन मिनिटं लागतात, नंतर गावात सगळ्यांना माहीत असतं की ही पाटलांना सांगून आलीये. ११२ नंबर फोनमध्ये वर ठेवायचा, पण खोऱ्यात रेंज जाते, म्हणून घरी आधीच सांगून ठेवायचं की रात्री फोन लागणार नाही, सकाळी अमुक वाजता मी करेन, नाहीतर तिकडे रात्रभर जागरण आणि पुढच्या वेळेला परवानगी कायमची रद्द. रस्त्यात कुणी विचारलं कुठे मुक्काम, तर "पुढच्या गावात मामा आहेत". मावळात माझे बरेच मामा झालेत.

प्रश्न : आमच्याकडे शनिवारी या ना, लेण्याद्री, शिवनेरी, माणिकडोह, टेंटला जागाच जागा. तुम्ही कायम मावळच का सांगता? — जुन्नर तालुका

यायला आवडेल, पण टेंट नाही टाकणार, आणि का ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा उसाचा पट्टा बिबट्याचा आहे, उसातच जन्मलेले, उसातच वाढलेले. तिथली माणसं संध्याकाळनंतर पोरांना अंगणात सोडत नाहीत आणि आपण पुण्याहून जाऊन कापडाच्या तंबूत झोपायचं, हे धाडस नाही, येडेपणा आहे. जुन्नरला या, दिवसा फिरा, रात्री पक्क्या खोलीत झोपा. सायकल पण अंधार पडायच्या आत उभी करा, बसलेला माणूस बिबट्याला छोटा दिसतो.

प्रश्न : वय ६४, गुडघे कुरकुरतात, नातवाने फोल्डिंग दिली आहे. चढ नको. टेंटही खरं तर नकोच, पण मोकळ्यावर एक रात्र हवी. — सदाशिव पेठ

आजोबा, भिगवण! दौंड-सोलापूर लाईनवरचं स्टेशन आहे, सगळ्या गाड्या थांबत नाहीत, थांबणारी बघून घ्या. उजनीच्या बॅकवॉटरच्या कडेला डिकसळ, कुंभारगाव ही गावं, रस्ता तळहातासारखा सपाट. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पट्टकदंब हंस येतात, पहाटे होडीतून दाखवायला नेतात. गावात होमस्टे आहेत, अंगणात बाज टाकून मागा, मच्छरदाणी मात्र घरून न्या, पाण्याकाठी डास आहेत. जेवणात चिलापी मिळेल, शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा.

एकच धोका, तो पण मोठा. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो तेव्हा संध्याकाळनंतर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाइट तर नाहीच, रिफ्लेक्टर पण चिखलाने झाकलेला, आणि वर गाणी एवढी मोठी की तुमची घंटी कुणाला ऐकू येणार नाही. सूर्य मावळायच्या आत सायकल बंद. मागे लाल दिवा दिवसा पण चालू ठेवा.

प्रश्न : साप? — एवढंच लिहिलंय, गावाचं नाव नाही

असतात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावलेलं कधीकधी कळत पण नाही, म्हणून टेंटची चेन पूर्ण बंद, आत जाताना-येताना प्रत्येक वेळी. खाणं टेंटमध्ये ठेवायचं नाही, त्याने उंदीर येतात आणि उंदरामागे तो येतो. पेंढ्याच्या गंजीला, दगडी बांधाला लागून तंबू नको. बूट सकाळी झटकून घालायचे. रात्री उठलात तर टॉर्च पायाशी मारत चला. चावलाच तर मांत्रिक नाही, ब्लेडने कापणं नाही, दोरीने आवळणं नाही, तो अवयव हलवू नका आणि १०८ ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना.

प्रश्न : पावसाळ्यात करावं का हेच सगळं? — वारजे

सायकल आणि ट्रेन हो, टेंट नाही. खाचरात पाणी, उतारावर दरडीची भीती, ओढे कधी भरतील सांगता येत नाही. घर किंवा देवळाची ओसरी बघा.

प्रश्न : नवीन घ्यायची आहे. १६ इंची घ्यावी की २० इंची? १६ ची घडी फारच छोटी होते, मोह होतोय. — बाणेर

रोज ऑफिसला मेट्रोने जाणार असाल तर १६ इंची, ब्रॉम्प्टन वगैरे कंपन्यांची, घडी खरंच छोटी होते, फक्त लाखाच्या वर जायची तयारी ठेवा. गावाकडच्या रस्त्याला २० इंचीच. छोटं चाक खड्ड्यात जास्त खोल जातं, आणि रिम ब्रेक असतील तर लांब उतारावर छोटी रिम लवकर तापते, मधे मधे थांबून हात लावून बघावी लागते (हळूच, चटका बसतो). पण खरं कारण ट्यूबचं आहे. २० इंचीत ४०६ मापाचं चाक (हे रिमचं मिलिमीटरमधलं माप) असेल, तर तीच २० × १.७५ ची ट्यूब लहान मुलांच्या सायकललाही लागते, म्हणजे कामशेत, वाई, भिगवण, कुठल्याही बाजारात पोरांच्या सायकलीचं दुकान असेल तिथे मिळायची शक्यता आहे. ब्रॉम्प्टनचं ३४९ चं माप दिसायला १६ इंची असलं तरी पोरांच्या १६ इंचीशी जुळत नाही, ती ट्यूब पुण्यातच दोन दुकानं फिरून मिळेल. घेताना दुकानातच घडी करून एका हाताने उचला आणि जिना चढून बघा, नसेल चढवत तर स्टेशनचा पादचारी पूल पण चढवणार नाही. आणि मागचं चाक नटाचं असेल, बऱ्याचदा असतंच, तर १५ नंबरचा पाना सोबत ठेवा, तो गावातल्या पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही.